शिबीचा तराजू

पाचवीच्या वर्गाला शिबी राजाची गोष्ट सांगण्याचा प्रसंग माझ्यावर दरवर्षी येतो. इतक्या वेळा ती सांगून झाली आहे की, मी ती सांगतो की तीच माझ्या तोंडून आपली आपण सांगितली जाते, हे मला अलीकडे कळेनासे झाले आहे. कबूतर थरथरत राजाच्या मांडीवर येऊन पडते. मागोमाग ससाणा येतो. राजा शरणागताला सोडायला तयार होत नाही, आणि अखेर तराजूच्या एका पारड्यात कबूतर व दुसऱ्यात राजाच्या अंगचे मांस! मुले या ठिकाणी श्वास रोखून ऐकतात. कितीही मांस कापले तरी कबुतराचे पारडे उचलत नाही, तेव्हा राजा स्वतःच दुसऱ्या पारड्यात जाऊन बसतो. मग ससाण्याचा इंद्र होतो, कबुतराचा अग्नी होतो, आकाशातून फुले पडतात, आणि तास संपल्याची घंटाही बहुधा त्याच सुमारास होते.

यंदा मात्र घंटा होण्याआधी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"गुरुजी, राजा भेटलाच नसता तर ससाण्यानं कबूतर खाल्लं असतं ना? मग त्यात ससाण्याचं काय चुकलं?"

"अगं, तो ससाणा नव्हताच. तो इंद्र होता," मी म्हटले.

"पण राजाला ते कुठं ठाऊक होतं?"

वर्ग हसला. मीही हसलो. तेवढ्यात घंटा झाली आणि माझी सुटका झाली. शिक्षकाच्या आयुष्यात घंटेचे उपकार फार मोठे असतात. पण मुलीच्या चेहऱ्यावरून दिसत होते की तिला उत्तर मिळालेले नाही, आणि खरे सांगायचे तर ते माझ्याजवळ नव्हतेच.

त्या रात्री मला एक जुनी गोष्ट आठवली. मी नऊदहा वर्षांचा असेन. आमच्या आजीने कोंबड्या पाळल्या होत्या. अंडी विकून येणाऱ्या पैशांतून आमच्या वह्यापेन्सिली येत, तेव्हा त्या कोंबड्या म्हणजे घरातली लहानशी पेढीच होती. एका उन्हाळ्यात घारीने लागोपाठ चार पिले उचलली. आजीने घारीला सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या, आणि माझे काका व मी त्या घारीचे घरटे शोधून काढले. गावाबाहेरच्या आंब्यावर ते होते. काकांनी लांब काठीने ते ओढून पाडले. त्यात घारीची दोन पिले होती, अंगावर पांढरट लव असलेली. घरट्याच्या काटक्यांत उंदरांची हाडे, सरड्याचे वाळके शेपूट आणि एक चिंधी अडकली होती. काका म्हणाले, "बरं झालं." मीही म्हणालो, "बरं झालं." पण त्या दिवशी संध्याकाळभर घार आंब्यावर घिरट्या घालत ओरडत होती, ती ओरड आजही माझ्या कानांत आहे.

हे सारे विसरलोही असतो. परंतु त्याच सुमारास स्कॉटलंडमधल्या एका माळाची हकीकत माझ्या वाचनात आली, आणि मुलीचा प्रश्न, आमची घार व तो दूरचा माळ या तिन्ही गोष्टी एकमेकींना चिकटून बसल्या.

स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या डोंगरांवर हेदर नावाचे गुडघाभर उंचीचे झुडूप मैलोगणती पसरलेले असते. ऑगस्ट महिन्यात त्याला फुले येतात आणि सारा डोंगर जांभळा होऊन जातो. या हेदरचे कोवळे कोंब खाऊन राहणारा ग्राउझ नावाचा एक तांबूस पक्षी आहे. आपल्या तित्तिराहून मोठा, कोंबडीहून लहान. त्याची शिकार 12 ऑगस्टला सुरू होते आणि 10 डिसेंबरला संपते. शिकारीची तऱ्हा अशी की, हाकेवाले माळावरून रांगेने हाकारे घालत येतात, पक्षी भर्रकन उडून पुढे पळतात, आणि पुढच्या आडोशांमागे बंदुका घेऊन उभे असलेले पाहुणे ते टिपतात. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात आगगाडी आली, नळीच्या मागच्या बाजूने झटपट भरता येणारी बंदूक आली, आणि श्रीमंतांना या खेळाचे वेड लागले. एका दिवसात शेकडो पक्षी पडावेत तर माळावर पक्ष्यांची दाटीच असायला हवी. त्यासाठी जमीनदारांनी रखवालदार नेमले. हे रखवालदार हेदरचे पट्टे पाळीपाळीने जाळून नवे कोंब फुटू देत, आणि ग्राउझवर डोळा ठेवणारा जो जो प्राणी दिसेल तो तो मारीत.

हे मारणे केवढे चालले असेल याची कल्पना यावी म्हणून एक यादी नेहमी सांगितली जाते. ग्लेनगॅरी नावाच्या जहागिरीत 1837 ते 1840 या काळात मारलेल्या 'उपद्रवी' प्राण्यांची ती यादी आहे. तीत 27 समुद्रगरुड आणि 275 घारी आहेत. यादीतल्या आकड्यांविषयी काही अभ्यासकांना शंका आहे, आणि ती असू द्यावी. परिणामाविषयी मात्र शंका नाही. तांबडी घार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्लंड आणि स्कॉटलंडमधून नाहीशी झाली. वेल्समध्ये थोडी उरली. ब्रिटनमधला शेवटचा समुद्रगरुड 1918 मध्ये शेटलंड बेटांवर बंदुकीने पडला. पुढे पश्चात्ताप झाल्यावर हे दोन्ही पक्षी परदेशांतून पिले आणून पुन्हा वसवावे लागले. समुद्रगरुड 1975 पासून, घार 1989 पासून. आधी नाहीसे करायचे आणि मग विमानाने आणवायचे, असा हा माणसाचा कारभार!

आपल्या हकीकतीतला खरा नायक, किंवा जमीनदारांच्या दृष्टीने खलनायक, निराळाच आहे. त्याला तिकडे हेन हॅरियर म्हणतात. कोंबड्या उचलणारा, असा त्या नावाचा रोख आहे. आपल्याकडे या कुळीतल्या पक्ष्यांना भोवत्या म्हणतात. याचे दोन भाऊबंद दरवर्षी दिवाळीच्या आसपास सोलापूर-नगरकडच्या माळरानांवर पाहुणे म्हणून येतात आणि गवतावरून अगदी खालून, पंख किंचित वर धरून, संथपणे तरंगत नाकतोडे टिपतात. स्कॉटलंडमधला भोवत्या हेदरमध्ये जमिनीवरच घरटे करतो. त्याचे मुख्य अन्न रानउंदीर आणि तीरचिमण्या. पण पिले झाली की तो ग्राउझची पिलेही उचलतो. या अपराधापायी 1900 च्या सुमारास ब्रिटनच्या मुख्य भूमीवरून तो जवळजवळ संपला होता. महायुद्धात रखवालदार आघाडीवर गेले आणि माळावरच्या बंदुका थंडावल्या. त्यानंतरच्या वर्षांत तो परतला. 1954 च्या कायद्याने त्याला संरक्षणही मिळाले.

युद्धाचा विषय निघालाच आहे तर एक उपकथा सांगितली पाहिजे. 1940 मध्ये ब्रिटिश सरकारने बहिरी ससाणे मारण्याचा हुकूम काढला, कारण ते सैन्याची निरोप्या कबुतरे मारीत. सुमारे 600 ससाणे मारले गेले. येथेही एक राजा कबुतराच्या बाजूने उभा होता. पण तराजू कोणी मागवला नाही.

कायदा झाला म्हणून भोवत्याचे मरण थांबले असे नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाठीवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसवलेल्या 58 भोवत्यांचा माग काढला होता. त्यांतले 72 टक्के बेकायदा मारले गेले, असे निश्चित किंवा अतिशय संभवनीय दिसले. 2013 साली तर सबंध इंग्लंडमध्ये भोवत्याचे एकही पिलू उडण्याइतके मोठे झाले नाही. पुढे 2018 मध्ये घरट्यातली पिले उचलून, वाढवून, दुसरीकडे सोडण्याच्या प्रयोगाला परवानगी मिळाली. त्यावरून दोन्ही पक्षांत कडाक्याचे भांडणही झाले. 2023 मध्ये इंग्लंडात 141 पिले उडाली, आणि 2024 मध्ये तो आकडा पुन्हा 80 वर आला.

इथवर वाचून वाचकांचा निकाल लागून गेला असेल. जमीनदार दुष्ट, पक्षी गरीब. माझाही तसा लागला होता. पण लँगहोम नावाच्या माळाची हकीकत वाचली आणि मी थोडा गप्प झालो.

लँगहोम हे स्कॉटलंडच्या दक्षिण टोकाला, इंग्लंडच्या सरहद्दीजवळचे गाव. तेथील माळावर 1992 मध्ये एक प्रयोग सुरू झाला. जमीनदार, शास्त्रज्ञ आणि पक्षिमित्र यांनी एकत्र बसून ठरवले की, येथे शिकारी पक्ष्यांना कोणीही हात लावायचा नाही, आणि काय होते ते मोजायचे. पहिल्या वर्षी माळावर भोवत्याच्या 2 माद्या होत्या. 1997 मध्ये 20 झाल्या. उन्हाळ्यात ग्राउझच्या पिलांपैकी सुमारे 37 टक्के भोवत्यांनी नेली. शिकारी पक्ष्यांमुळे शिकारीच्या मोसमापर्यंत ग्राउझची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. शिकार बंद करावी लागली. म्हणजे रखवालदार पिढ्यान्‌पिढ्या जे सांगत होते ते खोटे नव्हते.

शास्त्रज्ञांना आणखी एक गोष्ट दिसली. 1948 ते 1988 या 40 वर्षांत त्या माळावरचे जवळजवळ निम्मे हेदर मेंढ्यांनी चरून संपवले होते. हेदर गेले तेथे गवत आले. गवतात उंदीर आणि तीरचिमण्या वाढल्या. त्यांच्यामागून भोवत्या आला आणि आलाच आहे तर ग्राउझही उचलू लागला. म्हणजे भोवत्याला पाटपाणी मांडून बोलावले होते ते माणसाने सोडलेल्या मेंढ्यांनीच. चोर घरात कसा शिरला याचा तपास करता करता आपणच दार उघडे टाकल्याचे ध्यानात यावे, तशातला हा प्रकार.

गोष्ट येथेच संपती तर बरे झाले असते. शिकार थांबली तशा काही वर्षांत रखवालदारांच्या नोकऱ्याही गेल्या. त्यांच्याबरोबर कोल्ह्यांना आणि कावळ्यांना धाक घालणारेही गेले. मग जमिनीवर घरटी करणाऱ्या सगळ्याच पक्ष्यांवर पाळी आली. ग्राउझ आणखी घटले, लांब बाकदार चोचीचा कर्ल्यू घटला, आणि ज्याच्यासाठी एवढे रामायण झाले तो भोवत्याही पुन्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला. जो रखवालदार भोवत्याचा वैरी म्हणून ओळखला जाई, त्याच्याच पहाऱ्यात भोवत्याची अंडीही सुरक्षित होती! हे वाचल्यापासून मी कोणाला झटकन दुष्ट म्हणण्याच्या आधी थोडे थांबतो.

तेव्हा 'मारणे वाईट' एवढे एक वाक्य फळ्यावर लिहून हा तास संपवता येत नाही. दुर्मिळ पक्ष्यांच्या घरट्यांसाठी खुद्द पक्षिमित्रांच्या संस्थाही ब्रिटनमध्ये काही ठिकाणी कोल्हे आणि कावळे मारतात. आपणही, घरात उंदीर झाले की सापळा लावतोच. आणि दिवाळीच्या फराळानंतर चार दिवसांनी ज्यांच्या घरी कोंबडीचा रस्सा शिजतो, त्यांनी (त्यांत मीही आलो) शिकाऱ्यांना अहिंसेचे पाठ देऊ नयेत. पिंजऱ्यात सहा आठवडे वाढलेल्या कोंबडीपेक्षा, मोकळ्या माळावर उडता उडता पडलेला ग्राउझ अधिक सुखाने जगला, असे कोणी म्हटले तर मला उत्तर सुचत नाही.

पण मग प्रश्न उरतोच. भोवत्याने ग्राउझ खाल्ला म्हणून जमीनदाराला जो राग येतो, तो कशाचा? ग्राउझ मेला याचे दुःख तर त्याला नसते, कारण तोही त्याला मारणारच असतो. माळावर पक्ष्यांची फार दाटी झाली की त्यांच्या पोटात कृमी होतात आणि हजारो पक्षी तसेही मरतात. मरण कोणालाच चुकत नाही. राग आहे तो वाटेकऱ्याचा. 'जे माझे आहे त्यात हा कोण हात घालणार?' या रागाला आपण संरक्षण असे भारदस्त नाव देतो. भाऊबंदकीच्या दाव्यात 'वाडवडिलांच्या जमिनीचे रक्षण' करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्या शब्दांतले आणि या शब्दांतले नाते मला चांगले ओळखू येते.

यावर कोणी म्हणेल की, तुमच्या आजीचे काय? तिचाही राग वाटेकऱ्याचाच होता. होता खरा. पण आजीची चार पिले म्हणजे आमच्या वह्या होत्या, आणि जमीनदाराचे ग्राउझ म्हणजे पाहुण्यांचा खेळ. गरज आणि हौस एकाच मापाने मोजू नयेत. भुकेल्याने वाटेकऱ्याला हाकलले तर त्याला निदान क्षमा मागता येते. मात्र रखवालदाराची नोकरी ही हौस नव्हे, हेही लगेच सांगितले पाहिजे. मालकाच्या हौशीवर त्याची चूल पेटत होती. जगातल्या पुष्कळ चुली अशाच पेटतात, आणि म्हणूनच हे प्रश्न सुटता सुटत नाहीत.

लँगहोमलाच 1998 आणि 1999 मध्ये आणखी एक प्रयोग झाला. भोवत्याच्या घरट्यांजवळ खांब रोवून त्यांवर रोज मेलेले उंदीर आणि कोंबडीची एक दिवसाची मेलेली पिले ठेवायला सुरुवात केली. आयते अन्न मिळू लागताच त्या घरट्यांत येणारी ग्राउझची पिले सुमारे 86 टक्क्यांनी कमी झाली. हे वाचून मला शिबीची आठवण झाली. पारड्यात काहीतरी पडले होते! पण काय पडले होते? पोल्ट्रीत नर जन्मले, अंडी देणार नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी मारली जाणारी ती पिले. मांस होते, पण पुन्हा तिसऱ्याच कोणाचे. आणि एवढे करूनही माळावरचे ग्राउझ काही वाढले नाहीत.

शिबीच्या गोष्टीचे मर्म मला इतक्या वर्षांनी येथे उमगले. राजाने ससाण्याला दगड मारून हाकलले असते तरी कबूतर वाचले असते, आणि राजाच्या दयेची कीर्तीही झाली असती. पण ससाण्याचे म्हणणे त्याने ऐकून घेतले. 'हे माझे अन्न आहे, मी उपाशी राहिलो तर माझे प्राण जातील,' हे गाऱ्हाणे त्याला खरे वाटले. खरे वाटले म्हणूनच तराजू आणावा लागला. खोट्या गाऱ्हाण्याची भरपाई कोणी करीत नाही. आणि भरपाई करताना त्याने खजिन्यातून बकरा मागवला नाही. कोणाला वाचवायचे हे मी ठरवले, तेव्हा त्याची किंमतही माझ्याच अंगातून जायला हवी, एवढा हिशेब त्याने पाळला. दया पुष्कळांना येते. पण दयेचे बिल दुसऱ्याच्या नावावर फाडायचे नाही, हे पथ्य सांभाळणारे थोडे.

आपल्याला कोणी मांडीचे मांस मागत नाही. आपल्या वाट्याला येते ती फार लहान किंमत. लँगहोमच्या गावकऱ्यांनी ती एका तऱ्हेने दिली. तो माळ विक्रीला निघाला तेव्हा त्यांनी देशोदेशींच्या लोकांकडून देणग्या मागून, 2021 आणि 2022 अशा दोन टप्प्यांत, 10,000 एकरांहून अधिक जमीन विकत घेतली आणि ती निसर्गासाठी राखून ठेवली. तेथे भोवत्या पुरेसा होईल का, ग्राउझ राहतील का, हे वर्षे गेल्यावर दिसेल. स्कॉटलंडच्या सरकारनेही 2024 मध्ये कायदा करून ग्राउझच्या शिकारीला परवाना लागेल असे ठरवले. मालकाने शेजाऱ्याचा मान ठेवला नाही तर त्याची शिकार थांबावी, असा त्याचा अर्थ. पारड्यात मालकाचे थोडेसे काहीतरी पडू लागले आहे.

आणि आमच्या वाट्याची किंमत? ती मला दुसऱ्या दिवशी वर्गात कळली. मी मुलीला उभे केले आणि सांगितले, "ससाण्याचं काहीच चुकलं नव्हतं. म्हणून तर राजाला स्वतःचं मांस द्यावं लागलं."

तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग आमच्या पिलांना घार नेते तिला काय द्यायचं, गुरुजी?"

"तुझी आई पिलं कशाखाली झाकते?"

"डालग्याखाली. पण ते फाटलंय. बाबा म्हणतात, विणू सवडीनं."

मी एकदम गप्प झालो. आमच्या आजीचे डालगेही फाटलेच होते. चार बांबूच्या कामट्या आणि एक दुपार, एवढ्यात ते नवे झाले असते. काकांना दुपार होती, मलाही होती. ती दुपार आम्ही आंब्याखाली काठी घेऊन घालवली.

"बाबांना म्हणावं, सवड काढा," मी मुलीला म्हणालो. "आणि विणताना तूही हात लाव."